पाला उडवायचं मशीन

दोरी ओढली की मशीन दोनदा खोकायचं आणि मान टाकायचं. घरामागच्या बंदिस्त परसात बसून मिस्त्रीने पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"भंगारात टाका ते, दादा," मेहुणा मागच्या दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला. "सेकंडहँड वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं."

"माझं पोटापाण्याचं साधन आहे ते," बहीण फणकारली. "आजच सुरू झालं पाहिजे."

ब्लोअर घेऊन लोकांच्या अंगणातला पाला साफ करून द्यायचा, हा तिचा नवा धंदा. मशीन बंद पडलं आणि ती घरात अडकली. मिस्त्री मात्र आला होता निराळ्याच कारणाने. शेजारणीने फोन केला होता, "तुमच्या बहिणीच्या घरात मारहाण चालते हो. आताशा भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येतं."

तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, आणि हे स्थळही त्यानेच पाहिलं होतं.

आल्या आल्या त्याने तिचा हात पाहिला. बोटांची पेरं सोललेली, मनगट सुजलेलं.

"काय गं हे, चिमे?"

"दोरी ओढताना भिंतीवर आपटला." तिने हात पाठीमागे नेला.

खोटं बोलायला ती लहानपणापासून कच्ची, हे त्याला ठाऊक होतं. आधी मशीन दुरुस्त करू, मग माणूस, असं त्याने मनाशी ठरवलं.

प्लग काढून सिलिंडरला टेकवला, दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. पेट्रोलमध्ये ऑइल नीट मिसळलेलं होतं. एअर फिल्टर मोकळा, कार्बोरेटर उघडून फुंकला तर तोही स्वच्छ. रोगी खातोय, पितोय आणि तरी अंथरूण सोडत नाही, त्यातला प्रकार.

"दादा, आधी जेवून घ्या," मेहुणा म्हणाला. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, तरी हा गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. "मशीनचं काय, उद्या बघता येईल."

"तू गप रे," बहीण म्हणाली. पोरीची धमक अजून पुरती मेलेली नाही, हे बघून मिस्त्रीला बरं वाटलं.

राहता राहिला सायलेन्सर. मशीन चाललं की तव्यासारखं तापणारं, त्यावरचं आडव्या पट्ट्यांचं झाकण काढून त्याने आत पक्कड घातली. काळी चिंधी बाहेर आली. मग दुसरी. चांगल्या ठासून भरल्या होत्या.

धूर बाहेर जायची वाट कुणीतरी मुद्दाम बुजवली होती. मिस्त्रीने मान वर केली. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुमचं काम का हे?"

"पाया पडतो, दादा. ते सुरू करू नका."

मिस्त्रीला सगळा उलगडा झाला. बायकोने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं याला खपत नाही. तिला डांबायचं, वरून झोडपायचं आणि पावण्यापुढे गरीब गाय व्हायचं! त्याने झाकण घट्ट बसवलं आणि दोरी ओढली. मशीन कानठळ्या बसतील असं गर्जलं.

मेहुणा ते बंद करायला धावला. मिस्त्रीने त्याच्या अशी कानशिलात दिली की तो भिंतीवर जाऊन आदळला. दुसऱ्या ठोशाला ओठ फुटला. तिसऱ्याला नाकातून रक्ताची धार लागली.

"माझ्या बहिणीवर हात टाकतोस?"

मशीनच्या आवाजात त्याचे शब्द त्यालाच ऐकू आले नाहीत. मेहुणा उलटा हात उचलत नव्हता, नुसता डोकं झाकून घेत होता, आणि त्यानेच मिस्त्रीचं माथं अधिक भडकलं. याची मर्दुमकी फक्त बाईपुढे! पोटात गुडघा घालून त्याने त्याला वाकवला, हात पिरगाळून भिंतीशी दाबला. बटणं तटातट तुटली आणि शर्ट खांद्यावरून खाली आला.

मिस्त्रीची मूठ वरच राहिली.

पाठभर भाजल्याचे डाग होते. काही जुने, काळपट. काही गुलाबी, नव्या कातडीचे. प्रत्येक डागावर सारख्या अंतराने आडव्या पट्ट्या. असा डाग कशाने पडतो, हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं.

त्याने वळून पाहिलं. बहिणीने मागच्या दाराला कडी घातली होती. तिने चालतं मशीन उचललं आणि पूर्ण रेस दिली. लहानपणी हट्ट पुरवल्यावर हसायची तशीच ती हसली आणि त्याच्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "अस्साच घट्ट धरून ठेव त्याला, दादा."