मागेल तेवढं

सासूबाईंच्या टॅबवर पोहण्याचा तलाव दिसत होता आणि काठाला काही माणसं उभी होती. माणसं होती की रंगीत पिशव्या, ते मात्र कळत नव्हतं.

"आई, यातल्या मावशी कुठल्या?" सुनेनं विचारलं.

"निळ्या टोपीतली असेल. नाहीतर तिच्या शेजारची." सासूबाईंनी टॅब डोळ्यांजवळ नेला. "असू दे गं. दिसतंय तेवढं पुरे."

त्यांची धाकटी बहीण साठी उलटल्यावर पोहायला शिकली होती. आज तिची पहिली शर्यत. आता शिट्टी होईल, मग चार-दोन मिनिटांत सगळं संपेल.

सोफ्याच्या मधोमध सासरे पाय पसरून मोठ्या टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत होते. चित्र इतकं लख्ख, की गवताची पाती मोजावीत. आतल्या खोलीत दिराचा सिनेमाही तसाच चालला होता. सासूबाई सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसल्या होत्या.

"मेव्हणीबाई उतरल्या की तलावातलं पाणी बाहेर," सासरे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"ती उतरते तरी. तुम्हाला अंघोळीला चार हाका माराव्या लागतात."

सून हसली, पण तिचं लक्ष टॅबवरच होतं. घरात येणारं इंटरनेट सगळ्या पडद्यांना वाटून देणारा नियम तिनंच लिहिला होता. कंपनीत दाखवण्याआधी गेला आठवडाभर ती तो घरात लावून पाहत होती. जो पडदा जेवढं मागेल, त्या प्रमाणात त्याचा वाटा. कुणाचाही व्हिडिओ एकदासुद्धा अडकला नव्हता. कुणाची तक्रार नव्हती. मग हे असं का?

तिनं लॅपटॉप उघडला. टीव्ही भरपूर मागत होता, टॅब अगदी थोडं. आणि मागण्याच्या प्रमाणात त्याला मिळत होतं. नियम चोख होता.

पण हा इतकं कमी का मागतो?

ती मागे मागे जात पहिल्या दिवसापाशी पोहोचली. त्या दिवशी टॅब सगळ्यांत शेवटी सुरू झाला होता. उरलंसुरलं त्याच्या वाट्याला आलं. अडकू नये म्हणून त्यानं आपलं चित्र जरा हलकं, म्हणजे पुसट केलं. हलक्या चित्राला कमी लागतं, म्हणून पुढच्या वेळी त्यानं कमीच मागितलं. कमी मागितलं, म्हणून नियमानं आणखी कमी दिलं. असा तो रोज उतरत गेला होता, बिनबोभाट.

"आई, चित्र असं दिसतंय हे बोलला नाहीत कधी?"

"बंद पडलं असतं तर बोलले असते. चालू होतं की."

सुनेनं लॅपटॉप पुढे ओढला. मग तिनं नियमाच्या वर एक ओळ घातली. आधी प्रत्येकाला एक पक्का वाटा, मागो न मागो. उरेल ते मागण्याप्रमाणे.

टीव्हीवरचं गवत किंचित पुसट झालं.

"वहिनी, प्रयोग चाललाय का?" आतून दिराचा आवाज आला.

"चाललाय, भावजी!"

टॅबवर मात्र त्याच पिशव्या.

"नाही ना झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"दिलंय, आई. टॅबला अजून भरवसा वाटत नाहीये. थोडं थोडं मागून बघेल."

दोघी टॅबवर वाकल्या. टोप्यांना कडा आल्या. मग खांदे आले, मग चेहरे. मावशी निळ्या टोपीत नव्हत्याच. लाल टोपी घालून, नाक चिमटीत धरून त्या अगदी कडेला उभ्या होत्या.

"अगं बाई, घाबरलीय ही," सासूबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी टॅबकडे पाहिलं, मग मोठ्या टीव्हीकडे. उठून त्या सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, रिमोट द्या. आणि सरका. मला मधे बसायचंय."

सासऱ्यांनी टीव्हीवरची नजर काढली. रिमोट देऊन त्यांनी पाय खाली घेतले. थोडे सरकले. "एवढं पुरे?"

"सरकत राहा," सासूबाई म्हणाल्या. "पुरे झालं की मी सांगेन."