घरची वाइन

आजारपणात बाबांच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास कायमचा गेला, हे फक्त लेकीला ठाऊक होतं. पुढची तीन वर्षं पिंपातली वाइन तीच चाखायची, बाबांच्या कानात सांगायची. डंका मात्र बाबांच्या जिभेचा वाजायचा. आज जुना व्यापारी तळघरात आला. बाबा पेले घेऊन कोपऱ्यातल्या पिंपाकडे निघाले, तशी तिने त्यांची बाही ओढली. त्या पिंपातल्या वाइनचं पार व्हिनेगर झालं होतं. "हिला ह्यातलं ओ की ठो कळत नाही," हात झटकत बाबा व्यापाऱ्याला म्हणाले. दोघं हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुद्दाम बाजूला झाली. बाबांनी दोन्ही पेले भरले. व्यापाऱ्याने घोट घेतला, बाबांकडे पाठ वळवून तोंड वाकडं केलं आणि पेला ठेवून जिना चढून गेला. "कशी होती गं?" बाबांनी हळूच विचारलं. "उत्तम," ती म्हणाली. त्यांनी विश्वासाने हातातला पेला रिकामा केला.