तीन कोटेशन

“माह्या पोराच्या हातानं घरात वस्तू येत नाई, बाई. कोटेशन येते.” लग्नाआधी बायनाबाईंनी होणाऱ्या सुनेला बजावलं होतं. “सायकल घ्याची होती तं यानं तीन दुकानांतून कोटेशन मांगतले. तिसरं येयेवरी सायकल महाग झाली.”

मनकर्णा तेव्हा खळखळून हसली होती. बी.कॉम. झालेल्या मुलीला चिकित्सक नवरा म्हणजे गुणच वाटला होता.

आता ती हसत नव्हती. मे महिना निम्मा सरला होता. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत टेबल होतं, खुर्च्या होत्या, दारावर कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. फक्त कॉम्प्युटर नव्हता. बारावीची परीक्षा दिलेल्या कॉलनीतल्या मुली रोज संध्याकाळी येत, रिकामं टेबल बघत आणि परत जात. जून लागला की चंद्रपुरात दुसरा क्लास उघडणार होता. मुली तिकडे गेल्या की गेल्या. मग मनकर्णेने नागपूरला केलेला कोर्स, आणि लेकरू सांभाळून घरातच काही करायचा बेत, दोन्ही पाटीपुरतेच उरले असते.

पैसे जमवलेले होते. अडलं होतं ते प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूवर. चंद्रपूरच्या एका टाइपरायटरच्या दुकानात ८०८८ काचेमागे तयार उभा होता, पण महाग. नागपूरला तोच स्वस्त. नवा २८६ त्याला कुठच्या कुठे मागे टाकणारा, पण फरकात एक लुना मोपेड येईल एवढी किंमत जास्त, आणि माल कधी येणार ते मुंबईवाल्यालाच ठाऊक. तिचा नवरा हरिदास वीज केंद्राच्या खरेदी विभागात होता. तिथे खिळासुद्धा तुलना केल्याशिवाय घेत नसत.

“किंमत पाहावं तं वेग नाई. वेग पाहावं तं माल नाई,” तो म्हणाला. “आनखी एक कोटेशन येऊ दे.”

“मीच जाते नागपूरला,” मनकर्णा म्हणाली. “समोर दिसेल तो उचलते आणि संध्याकाळच्या बसने परत येते.”

दहा महिन्यांच्या उत्पलाला सासूच्या मांडीवर देताना तिचे हात सुटेनात. “दूध उकळून गार करा. कूलरसमोर झोपवू नका. खाली काही पडलं तर आधी तुम्ही उचला, नाहीतर ती उचलेल.” फाटकापर्यंत जाऊन ती पुन्हा आली. “आणि ओलं झालं की लगेच बदला.”

“जाय वो माय,” बायनाबाई म्हणाल्या. “याले मीच वाढवलं ना?”

हरिदासकडे पाहून मनकर्णेला फारसा धीर आला नाही.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात ८०८८ तयार होता. “बांधा,” ती म्हणाली. खोकं आलं, सुतळी आली. गाठ मारता मारता दुकानदार गुणवंतराव सहज बोलले, “चांगला आहे हा. नाई तं गुरुवारी २८६चा माल येऊनच राह्यला. भावही उतरला म्हणतात.”

“मला नको.”

“नकोच, बाई. याला पगारपत्रक काढायला दुपार लागते, तो चहा होईपर्यंत काढते. फरक म्हणाल तर एवढाच.”

मनकर्णेने पर्स उघडली. तिच्या डोळ्यांपुढे आपल्या मुली आल्या, पडद्याकडे बघत जांभया देणाऱ्या. आणि चंद्रपूरच्या क्लासातल्या, हिशेब संपवून चहा पिणाऱ्या. आजवर चूक झाली असती तर ती हरिदासची झाली असती. आता होईल ती आपली. तिने पर्स बंद केली.

“कोणत्या गुरुवारी?”

ती नागपुरातच इंदोऱ्याला बहिणीकडे राहिली. गुरुवारी माल वर्ध्याला अडकल्याचं कळलं. मग खोकी आली, तर त्यांतून नुसते कीबोर्ड निघाले. रोज सकाळी चंद्रपूरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर तिचा निरोप जाई. दूध उकळा, कूलर नको, उद्या नक्की.

इकडे उत्पला रडून रडून लाल व्हायची. त्यात एका संध्याकाळी मुली दारातूनच म्हणाल्या, “काका, उद्या आम्ही चंद्रपूरले नाव टाकून राह्यलो.”

हरिदासने लेकीला कडेवर घेतलं, मिळाली ती बस पकडली आणि टाइपरायटरच्या दुकानात जाऊन काचेकडे बोट केलं.

“तो द्या. पैसे हप्त्यानं देतो.”

“कोटेशन बनवू का साहेब?”

“कोटेशन राहू द्या. पोरीले भूक लागली हाय.”

दुसऱ्या दिवशी टेबलावर कॉम्प्युटर होता, भोवती मुली होत्या. शिकवणारी तेवढी नव्हती. हरिदासने नागपूरला तार ठोकली, ‘कॉम्प्युटर घेतला. लगेच ये.’

संध्याकाळी उत्तर आलं, ‘थांबा. वेग किती?’

बायनाबाईंनी तार दोनदा वाचून घेतली आणि कपाळाला हात लावला. “एक होता,” त्या म्हणाल्या. “आता दोन झाले.”

तेव्हा तुमच्यापैकी कुणी नागपूरला निघालं असेल, तर सीताबर्डीवर त्या दुकानात जरा डोकावून याल का? काउंटरजवळच्या स्टुलावर एक काळजीत पडलेली तरुण बाई बसलेली असेल. बरी आहे ना, वेळेवर जेवते ना, एवढं बघा. तिला सांगा, उत्पलाने काल कुणाचाही हात न धरता पावलं टाकली. आणि तिने वेग विचारलाच, तर उत्तर देत बसू नका. सरळ हाताला धरून चंद्रपूरच्या गाडीत बसवून द्या.