डावीकडचं दार

“एवढे पैसे मोजून कॅमेरा आणलास, आणि त्यात बघायचं कसं? तर खाली मान घालून!” माईंनी कपाळाला हात लावला.

“आई, याची फिल्म मोठी असते. फोटोत केसन्‌केस दिसतो,” मुलगा म्हणाला.

डोळ्याला लावायचा घ्यावा की वरून काचेत बघायचा, यावर दुकानात अख्खी दुपार काथ्याकूट करून त्याने हा दोन भिंगांचा जुना कॅमेरा निवडला होता. आता तो तिपाईवर चढवून घरातल्या बोळाकडे रोखताना डावीकडे वळवायचा तर उजवीकडे वळवत होता आणि स्वतःशीच हसत होता. नवं खूळ, दुसरं काय!

बोळाच्या टोकाला समोरासमोर दोन दारं. डावीकडे मुलगा-सून, उजवीकडे माहेरी आलेली लेक. मधल्या भिंतीवर घड्याळ.

फोन वाजला. “कॅमेऱ्याला जोडलेली ती बटणाची तार दाबू नकोस हं, फोटो निघेल,” म्हणत मुलगा गॅलरीत गेला.

माईंनी अर्थातच काचेत डोकावलं. खुंटीवरची शाल डोक्यावरून ओढून कुणीतरी पाठमोरी बाई निघाली होती. काखेत त्यांचा दागिन्यांचा डबा! ती शाल घरात सगळ्याच वापरत. माईंनी तार दाबली. बाई डावीकडच्या दारात शिरली. माईंनी मान वर करेपर्यंत दोन्ही दारं बंद.

त्यांनी कपाट उघडून पाहिलं. डबा नव्हता. सुनेबद्दल त्यांच्या मनात पाल चुकचुकत होतीच. इतकं हळू बोलणारी माणसं काय साधी असतात?

जेवताना त्यांनी तोंड उघडलं. “सूनबाई, माझा डबा मुकाट्यानं आणून दे. नाहीतर या घरातून चालायला लाग.”

सुनेचा घास हातातच राहिला. “आई, मी नाही घेतला. हवी तर खोली बघा.”

“चोर काय खोलीत मांडून ठेवतो? डोळ्यांनी पाहिलंय मी. वर फोटो काढलाय!”

लेकच मध्ये पडली. “जाऊ दे ना आई, घरचंच माणूस आहे. आणि तुला कुठं फोटो काढता येतो? रोल फुकट गेला असेल. टाकून दे रे दादा तो.”

किती समजूतदार पोर! माईंना भरून आलं.

सून मात्र नवऱ्याकडे वळली. “फोटो धू. त्यात मी असेन, तर उद्याच निघून जाते.”

“चोराच्या उलट्या बोंबा,” माई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाने न्हाणीघरात अंधार करून फिल्म धुतली, फोटो छापला आणि ओला कागद टेबलावर ठेवला. माई आणि सून, दोघी वाकल्या. लेक तेवढी डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून होती.

शाल होती. काखेत डबा होता. पण बाई उजवीकडच्या दारात शिरत होती.

“उलटा छापलास!” माई कडाडल्या. “बायकोला वाचवतोस होय रे?”

मुलाने फोटोतल्या घड्याळावर बोट ठेवलं. आकडे सरळ होते.

“उलटं त्या काचेत दिसतं, आई. डाव्याचं उजवं.”

उजवीकडच्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला.