आठाच्या वर

अंगठी निघेना. बाईंनी बोटाला साबण लावून ती काढली, घड्याळही काढलं आणि दोन्ही वाटीत ठेवलं. बॅटरीच्या दोन टोकांवर अंगठी आडवी टेकली तर क्षणात लालबुंद होते, बोटासकट.

"आज उशीर?" हॉस्पिटलचे व्यवस्थापक दारातूनच म्हणाले.

"नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत बसले होते."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून लाड संपत नाहीत तुमचे!"

बाईंनी जाड चष्मा चढवला. तेव्हाचे मीटर पेटीएवढे असत. बाईंचा मीटर अर्धं टेबल अडवून बसे. समोर ऑपरेशनच्या दिव्याची बॅटरी होती. वीज गेली की तो दिवा हिच्यावर चालायचा. उद्या सकाळी सहा वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि बाईंच्या सहीशिवाय ते होणार नव्हतं.

त्यांनी आधी व्होल्ट पाहिले. मीटरला झेपण्याइतकेच होते. मग मीटरच्या वायरींच्या दोन टोकदार पिना एकमेकींना टेकवून आकडा शून्यावर आणला. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला कागद होता : 'पिना शिशाच्या खांबावर टेकवा. वरच्या बोल्टावर नको, आकडा उगाच फुगतो.' सत्तावीस वर्षांत बाईंचा एकही आकडा खोटा ठरला नव्हता.

"व्होल्ट भरलेत ना? मग झालं की," व्यवस्थापक म्हणाले.

"ती वरवरची तब्येत. आतला अवरोध वाढला की बॅटरी बसल्या जागी ठणठणीत दिसते आणि ऐन कामात मान टाकते."

डोळ्यांचे डॉक्टर आत आले. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"काय बाई, काय म्हणतोय तुमचा मीटर? उद्याचं माझं शेवटचं ऑपरेशन. परवापासून निवृत्त. मग नाही छळणार तुम्हाला."

"बघू या."

बाई दोघांकडे पाठ करून वाकल्या. पिना टेकवल्या. आकडा स्थिरावला. अवरोध अकरा मिलिओहम. मर्यादा आठची.

"परत बघा," डॉक्टर म्हणाले.

परत अकरा.

"अहो, अर्ध्या तासाचं काम," व्यवस्थापक काकुळतीला आले. "वीज जाणारही नाही. आणि डॉक्टरांचा हात म्हणजे काय, डोळे मिटून चालतो!"

"त्या पोरीचा दुसरा डोळा आधीच गेलाय," बाई म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

"तीस वर्षांत मी कधी चुकलोय?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"तुमचं कोण बोलतंय? मी बॅटरीचं बोलतेय."

व्यवस्थापकांनी चरफडत फोन लावला. नवी बॅटरी यायला पंधरा दिवस लागणार होते. मुलीला शेजारच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचं ठरलं. त्या उद्याच ऑपरेशन करणार होत्या.

सगळे गेल्यावर बाईंनी पिना बोल्टावरून उचलल्या आणि शिशाच्या खांबावर टेकवल्या. चार. त्यांनी मीटर बंद केला, वाटीतली अंगठी बोटात घातली.

संध्याकाळी फाटकापाशी डॉक्टर त्यांची वाट पाहत उभे होते. तोंड अजून फुगलेलंच.

"अगं, सकाळचं बटण सुटलंय," ते म्हणाले, आणि खिशातून हात काढून बाही पुढे केली.

बाईंनी तो हात आधी आपल्या दोन्ही हातांत धरला, थरथरायचा थांबेपर्यंत. मग बटण लावलं.