नूरझादाला हाक

चार वर्षांच्या माझ्या लेकीला सारखा ताप येई, गुडघे सुजत. बिश्केकच्या डॉक्टरांना काहीच सापडेना. शेवटी सासूबाईंनी आमच्या किर्गिझ रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं. नूरझादाची तुरदुकान झाली.

"जुनं नाव तोंडातून काढशील तर याद राख," त्या म्हणाल्या. "दुखणं त्याच नावाने तिला शोधत येतं."

महिनाभर मी जीभ सांभाळली. आज दुपारी ती माझ्या मांडीवर तापाने फणफणली होती, काही केल्या डोळे उघडत नव्हती. घाबरून मी ओरडले, "नूरझादा! अगं, बघ ना माझ्याकडे!"

मांडीवरची पोर हलली नाही. अंगणात धावती पावलं वाजली.

"आले गं आई!" दाराबाहेरून तिचाच आवाज आला, खणखणीत, हसरा.

तुरदुकानला मी हळूच खाली ठेवलं आणि कडी काढायला उठले.