गाढ झोपेचा पुरावा

निर्मळ मनाच्या माणसाला कुठेही शांत झोप लागते, असं वडीलधारे सांगत आले आहेत. त्यांनी हे आपापल्या घरी, आपापल्या गादीवर पडून सांगितलं असावं. उशीवाल्याचं मन निर्मळ होतं, आणि सकाळी सात वाजता तो विमानतळाच्या स्वच्छतागृहात आरशासमोर उभा राहून स्वतःचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, याची खात्री करून घेत होता.

उघडे होते. लाल होते, पण उघडे होते.

दहा वाजता विमान कंपनीच्या कचेरीत त्याची भेट ठरली होती. कंपनीला रात्रीच्या प्रवाशांना देण्यासाठी मानेची उशी हवी होती. अट एकच: आमच्याच विमानानं या, तुमचीच उशी लावून या, आणि उतरलात की थेट भेटा.

उशी त्याच्या बायकोनं स्वतः बेतलेली होती. घरामागच्या शेडमध्ये नऊ बाया शिवणयंत्रांवर बसायच्या. हे काम मिळालं तर नवाच्या वीस होणार होत्या. नाही मिळालं, तर महिनाअखेर शेडला कुलूप.

उशी मऊ होती. इतकी मऊ, की मान तिच्यात रुतायची, हनुवटी छातीवर आपटायची आणि माणूस दचकून जागा व्हायचा. असा तो रात्रभर दचकला. शेजारचे आजोबा विनाउशीचे, त्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. वेळ जावा म्हणून त्यानं ट्रॉलीवरून दोनदा कॉफी विकत घेतली, दोन सँडविच घेतली, आणि पहाटे पहाटे, काही गरज नसताना, विमानाच्या आकाराची एक किल्ल्यांची साखळीही घेतली.

आता त्यानं तोंडावर गार पाणी मारलं. दाढी केली. डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले. अंगातला सदरा बदलून इस्त्रीचा घातला. गालांवर दोन चापट्या मारल्या, तेव्हा शेजारच्या बेसिनवरचा माणूस आपलं सामान घेऊन पलीकडे सरकला.

फोन वाजला. बायको.

"पोचलात?"

"पोचलो."

"झोप?"

"गाढ."

"बघा! मी म्हणत नव्हते? तुमचाच विश्वास नव्हता. म्हणे, मान अवघडेल."

"चुकलंच माझं."

"आवाज असा का येतोय?"

"आत्ताच उठलो ना."

"अहो, विमान उतरून तास झाला."

"इतकी गाढ लागली होती."

पलीकडून समाधानाचा एक सुस्कारा आला. "नीट बोला हं तिथे. बाया पहाटेपासून मशीनवर बसल्यात, पण एकीचाही पाय हलत नाहीये. सगळ्यांचे कान फोनकडे."

टॅक्सीत तो पाठ न टेकता बसला. खिडकी उघडी ठेवली. कंपनीच्या बाहेरच्या खोलीत एक मोठा, गुबगुबीत सोफा होता. त्याच्याकडे त्यानं सापाकडे बघावं तसं बघितलं आणि पाऊण तास उभा राहिला. जांभई आली की तो नाक फुलवून ती आत गिळायचा. स्वागतिकेला वाटलं, पाहुण्याला कसला तरी राग आला आहे. तिनं पाणी आणून दिलं.

दहा वाजता खरेदीप्रमुख बाईंनी आत बोलावलं. चष्मा, नीटनेटकं टेबल, हातात पेन. त्यांनी उशी दाबून पाहिली, उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"दिसायला फार सुरेख आहे हो. बघताक्षणी वाटतं, घ्यावी आणि मान टेकावी."

उशीवाल्याच्या जिवात जीव आला.

"रात्री लावली होतीत?"

"पूर्ण रात्र."

"आणि?"

"काय सांगू बाई! मान टेकली आणि डोळा लागला. विमान कधी उतरलं, पत्ता नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मध्ये जाग आली असेल की. एकदा तरी?"

परीक्षा चालू आहे हे त्यानं ओळखलं. नेमकी त्याच वेळी एक जांभई घशाशी आली. तिचं त्यानं मोठ्या कष्टानं हसू केलं.

"एकदाही नाही."

"पाणी प्यायला? पाय मोकळे करायला?"

"नाव नको."

"मान अवघडली असेल. संकोच करू नका, खरं ते सांगा."

"उलट जुनं दुखणं होतं, तेही गेलं. आता शेजारी एक आजोबा होते, त्यांना उशी नव्हती. रात्रभर तळमळत होते बिचारे."

"पण तुम्ही तर झोपला होतात ना?" बाई एकदम पुढे झुकल्या.

उशीवाल्याच्या डोळ्यांसमोर नऊ बाया आल्या.

"सकाळी त्यांनीच सांगितलं. म्हणाले, तुमचा हेवा वाटला."

बाई मागे टेकल्या. चष्मा काढून त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री, स्वच्छ डोळे.

"चेहऱ्यावर दिसतंयच म्हणा," त्या म्हणाल्या. वाईट रिपोर्ट वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरसारखा आवाज होता. "अगदी ताजेतवाने आहात."

"ही सगळी उशीची कृपा."

बाईंनी उशी उचलली आणि हळूच त्याच्याकडे सरकवली.

"मागच्या कंपनीची उशीही आम्ही याच कारणासाठी बंद केली. दिसायला आरामाची आणि डोळ्याला डोळा लागू न देणारी, अशी एक उशी आम्ही दोन वर्षं शोधतोय. झोपलेला प्रवासी ट्रॉलीवरचं काही विकत घेत नाही."